पग : ओळख, सांभाळ आणि शेजारधर्म

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत आपल्या सभागृहात झालेलं हे भाषण. अनेक सभासदांनी मागणी केल्यामुळे ते स्मरणिकेत देत आहोत. – संपादक मंडळ)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत मधुमेहावर बोलणं झालं, इच्छापत्रावर झालं, गच्चीवरच्या सौरऊर्जेवर झालं. सचिवांचा मला फोन आला तेव्हा मला वाटलं, बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस, म्हणून मुदत ठेवींवर बोला म्हणतील. पण ते म्हणाले, "काका, तुम्ही ढब्बूवर बोला." ढब्बू म्हणजे आमचा पग. लहान मुलांना ढब्बू मिरची माहीत आहे. माझ्या वयाच्या लोकांना ढब्बू पैसाही आठवत असेल, तांब्याचा, जाडजूड, गोल. आमचा ढब्बू त्या पैशावरून. बँकवाल्याच्या घरी दुसरं काय नाव ठेवणार!

विषय हलकाफुलका वाटेल, पण सचिवांनी तो उगाच दिलेला नाही. आपल्या सोसायटीत आज अकरा पाळीव कुत्री आहेत, त्यातले चार पग. मागच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीपेक्षा जास्त वेळ लिफ्टमधल्या कुत्र्यांवर गेला, हे इतिवृत्तात आहेच. आणि दर सुट्टीत कुणीतरी मला विचारतं, "आमच्या पिंट्याला तसंच गोंडस पिल्लू हवंय, कुठे मिळेल?" कुठे मिळेल हे सांगायला दोन मिनिटं लागतात. ते सांभाळायचं कसं, हे सांगायला मात्र आजची संध्याकाळ हवी. मी पशुवैद्य नाही. ढब्बू आता नऊ वर्षांचा आहे. या नऊ वर्षांत जे पाहिलं, डॉक्टरांनी जे समजावलं आणि जे वाचलं, तेवढंच सांगतो.

आधी या प्राण्याची ओळख. पग मूळचा चीनचा. तिथल्या राजदरबारात मांडीवर बसायला म्हणून ही जात वाढवली. सोळाव्या शतकात डच व्यापाऱ्यांबरोबर ती युरोपात गेली आणि तिथल्या राजघराण्यांची लाडकी झाली. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीकडे पग होते, नेपोलियनच्या जोसेफिनकडेही होता. म्हणजे शेळ्यामेंढ्या राखणं, शिकार करणं, वाड्याच्या दाराशी गुरगुरणं यातलं कुठलंच काम या कुत्र्याला कधी दिलं गेलं नाही. माणसाला सोबत करायची, एवढीच याची नोकरी. आपल्याकडचे कारवान किंवा पश्मी पाहा. लांब पाय, लांब तोंड, ससा दिसला की बाणासारखे सुटतात. ते उन्हातान्हातले शिकारी कुत्रे. पग हा गादीवरचा.

तो आपल्या घराघरात आला त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे. २००३ साली हच मोबाईलची जाहिरात टीव्हीवर लागली. एक छोटा मुलगा आणि तो जाईल तिथे त्याच्या मागे चालणारा एक पग. त्या पगचं नाव चीका. कंपनीचं नाव पुढे बदललं, जाहिरात मात्र लोकांच्या डोळ्यांसमोरून गेली नाही. त्यानंतर कित्येक वर्षं लोक दुकानात जाऊन "हचवाला कुत्रा" मागायचे. जातीचं नावही कुणाला माहीत नसायचं. जाहिरात मिनिटभराची आणि कुत्रा बारा-तेरा वर्षांचा. हा हिशेब घरी आल्यावर अनेकांच्या लक्षात आला आणि मग काही पग बेवारसही झाले.

त्या जाहिरातीत एक गोष्ट दिसत नव्हती. पगचा श्वास.

ढब्बू घोरतो. भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतका घोरतो. पाहुणे आले की त्याच्या घोरण्याला हसतात, मोबाईलवर रेकॉर्ड करतात. आम्हीही सुरुवातीला हसायचो. मग डॉक्टरांनी एका कागदावर चित्र काढून दाखवलं. शेकडो वर्षं माणसानं जास्तीत जास्त चपट्या तोंडाचे कुत्रे निवडून त्यांचीच वीण वाढवली. त्यामुळे कवटीचं हाड आखूड झालं. पण आतली जीभ, टाळूचा मऊ भाग, नाकातले पडदे हे त्या प्रमाणात लहान झाले नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन बीएचकेचं सगळं सामान एका वन आरकेमध्ये कोंबलं. दार उघडायला जागा नाही आणि खिडकीसमोर कपाट. नाकपुड्या म्हणजे नुसत्या फटी. टाळूचा पडदा लांब, तो श्वासनलिकेच्या तोंडावर येतो. हवा त्यातून ओढून घ्यावी लागते, त्याचा आवाज म्हणजे ते घोरणं. आपण ज्याला गंमत म्हणतो ती त्याची धडपड आहे.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजनं २०२२ साली ब्रिटनमधल्या पगच्या आरोग्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतर कुत्र्यांच्या तुलनेत पगला वर्षभरात कुठला ना कुठला आजार होण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट, असं त्यात दिसलं. आरोग्याच्या दृष्टीनं पगला आता सर्वसाधारण कुत्रा म्हणता येणार नाही, असा निष्कर्ष त्या लोकांनी काढला. हे सांगतो ते घाबरवायला नाही. ज्यांच्या घरी पग आहे त्यांनी त्याच्याकडे कुठल्या नजरेनं पाहावं, ते यातून कळतं. मी ढब्बूकडे दम्याच्या माणसाकडे पाहावं तसं पाहतो. दम्याच्या माणसाला आपण घराबाहेर काढत नाही, की त्याला घेऊन सिंहगडही चढत नाही.

आता यात पुण्याचं ऊन मिळवा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरून आणि नाकातून पाणी उडून जातं आणि अंग निवतं. हीच त्याची कूलिंगची यंत्रणा. पगची ती यंत्रणाच अरुंद. म्हणून एप्रिल-मेमध्ये पारा चाळिसाकडे गेला की गावठी कुत्रं सावलीत पाय पसरून निभावून नेतं, पगच्या मात्र जिवावर बेतू शकतं.

आपण इथे राहायला आलो तेव्हा वारजे महापालिकेत येऊन तीन-चारच वर्षं झाली होती. आजूबाजूला शेतं होती, मोकळं वारं होतं. आता महामार्गापासून माळवाडीपर्यंत सगळं सिमेंट. रस्ता दिवसभर तापतो आणि रात्री नऊपर्यंत गरम राहतो. मी मुलांना एक साधी परीक्षा शिकवलीय. आपला उलटा पंजा रस्त्यावर सात सेकंद टेकवा. आपल्याला टेकवत नसेल तर ढब्बूलाही चालवत न्यायचं नाही. उन्हाळ्यात आमची फेरी सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री साडेनऊनंतर. फेरी पंधरा-वीस मिनिटांची, तीही त्याच्या चालीनं. वन विभागाच्या टेकडीवर मित्रमंडळी मोठे कुत्रे घेऊन फिरायला जातात, तिथे आम्ही फक्त थंडीत आणि पायथ्यापर्यंतच. गळ्यात पट्टा घालून ओढायचं नाही, छातीवरून बांधायचा हार्नेस वापरायचा. आधीच अरुंद असलेला गळा आणखी कशाला आवळायचा? आणि बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवायचं नाही. "काच थोडी उघडी ठेवली होती" हे उपयोगाचं नाही.

गेल्या मे महिन्यातली एक घटना सांगतो, म्हणजे मुद्दा लक्षात राहील. गुरुवार होता. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार हे पुणेकराला सांगावं लागत नाही. दुपारी एकला यायची वीज तीन वाजले तरी आली नाही. आमचा मजला वरचा, डोक्यावर तापलेला स्लॅब. खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या होत्या, फरशी पुसली होती. तरी तीनच्या सुमारास ढब्बूची धाप बदलली. आवाज करवतीसारखा यायला लागला, जीभ जांभळट दिसली, लाळ घट्ट झाली, आणि उठायला गेला तर मागचे पाय लटपटले. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "काका, आधी अंग निववा, मग घेऊन या. रिक्षात उन्हातून आणाल तर वाटेतच जाईल." थर्मामीटर लावला. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०५ च्या वर होतं.

नळ सोडला तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाला चालेल इतकं कढत. मग माठातलं पाणी पोटावर, पंजांवर, मानेवर ओतायला सुरुवात केली. पण वारा नाही. समोरच्या वहिनींकडे इन्व्हर्टर आहे. वहिनींना कुत्र्याची भीती वाटते. लहानपणी कुत्रा चावलाय, पोटात इंजेक्शनं घेतलीत त्यांनी. ढब्बू लिफ्टमध्ये असला की त्या जिना चढतात. त्यांनी आमचा गोंधळ ऐकला, दार उघडलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, आणा त्याला आत." दिवाणखान्यात पंख्याखाली ओल्या फरशीवर ढब्बू, शेजारी मी आणि आमची मंडळी पाणी ओततोय, आणि वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात भिंतीला पाठ लावून उभ्या. तासभर तशाच उभ्या होत्या. त्यांच्या माठातलंही पाणी आम्ही संपवलं. तापमान १०३ वर आल्यावर डॉक्टरांनी पाणी थांबवायला सांगितलं, नाहीतर उलट फार खाली जातं. मग त्यांचे यजमान गाडीतला एसी लावून आम्हाला दवाखान्यात घेऊन गेले. ढब्बू वाचला.

वहिनींची भीती काही त्या दिवशी गेली नाही. आजही त्या ढब्बूबरोबर लिफ्टमध्ये येत नाहीत, आणि त्यांनी यावं असा आमचाही हट्ट नाही. त्या उभ्या दिसल्या की आम्ही लिफ्ट सोडतो. नऊ वर्षांत शेजारधर्माचा मला कळलेला अर्थ तो एवढाच.

त्यातून घ्यायचे धडे लिहून ठेवा. धाप थांबत नाही, जीभ किंवा हिरड्या जांभळट अथवा अगदी लालभडक, तोल जातो, उलटी होते, म्हणजे उष्माघात समजा. सावलीत आणा, साधं गार पाणी अंगावर ओता, वारा द्या. पाणी नाकातोंडात जाऊ देऊ नका. प्यायला थोडं थोडं द्या, जबरदस्तीनं ओतू नका. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होतो आणि आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आणि सुधारणा दिसली तरी डॉक्टरांना दाखवाच.

ज्यांचा पग झोपेत दचकून उठतो, थोडं चालला तरी बसकण मारतो, खाताना गुदमरतो, त्यांनी "पग असाच असतो" म्हणून सोडून देऊ नये. नाकपुड्या मोठ्या करणं, टाळूचा जास्तीचा भाग कापणं अशा शस्त्रक्रिया आता होतात आणि त्या तरुण वयात केलेल्या बऱ्या. मध्येच नाकानं जोरजोरात हवा आत ओढल्यासारखा आवाज येतो तो वेगळा प्रकार, त्याला उलटी शिंक म्हणतात. आपण घाबरतो, पण ती बहुतेक वेळा मिनिटभरात आपोआप थांबते.

आता रोजची कामं. पगच्या नाकावरच्या घड्या दिसायला छान, पण त्यात ओल साठते, वास येतो, त्वचा लाल होते. रोज ओल्या कापसानं पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं. कोरडं करणं जास्त महत्त्वाचं, विशेषतः पावसाळ्यात. डोळे बाहेर आलेले असतात, त्यांना समोर नाकाचा आडोसा नाही. गवताचं पातं, मांजराचा पंजा, सोफ्याचा कोपरा थेट डोळ्यावर लागतो. डोळा अर्धवट मिटलेला दिसला, पाणी गळायला लागलं किंवा बुबुळावर पांढुरका, निळसर ठिपका दिसला तर त्याच दिवशी दवाखाना. घरातले उरलेले आय ड्रॉप्स घालायचे नाहीत. त्यात स्टिरॉइड असेल तर जखम आणखी वाढते. रंगपंचमीला तर आम्ही ढब्बूला खाली आणतच नाही.

केस आखूड असले तरी पग भरपूर केस गाळतो. काळी पँट घालून आमच्या सोफ्यावर कुणी बसू नये. आठवड्यातून दोन-तीनदा ब्रश, महिन्यातून एखादी अंघोळ पुरे. नखं वेळेवर कापा, नाहीतर आपल्या गुळगुळीत टाइल्सवर तो घसरतो. पगची शेपटी वळलेली असते, तशीच कधीकधी पाठीच्या मणक्यांमध्येही वेडीवाकडी घडण असते, म्हणून पलंगावरून उड्या नकोत. आम्ही घरभर जुन्या सतरंज्या अंथरल्यात. आमच्या सौ. म्हणतात, घराचं कीर्तनाचं मंडप झालंय.

खाण्याकडे येतो. आपल्या संत नामदेवांची गोष्ट सर्वांना माहीत आहे. कुत्र्यानं पोळ्या पळवल्या, तर महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. भाव तोच ठेवा, पण पगच्या मागे तुपाची वाटी घेऊन धावू नका! पगचं योग्य वजन साधारण सहा ते आठ किलो. एक किलो वाढलं म्हणजे आपल्या अंगावर आठ-दहा किलो चढल्यासारखं. आणि गळ्याभोवती चरबी साठली की तो अरुंद श्वासमार्ग आणखी आवळतो. पग कायम उपाशी असल्यासारखं तोंड करतो. त्याच्या कपाळावरच्या आठ्या जन्मजात आहेत, त्यावरून त्याला दुःख झालंय असं समजू नका. बरगड्या हाताला लागायला हव्यात, वरून पाहिलं तर कंबर दिसायला हवी. आम्ही दोन वेळा मोजून खाणं देतो आणि दर महिन्याला त्याचं वजन डायरीत लिहितो. पासबुकसारखं, फक्त शिल्लक वाढली की आनंद होत नाही.

काही पदार्थ मात्र अजिबात नकोत. चॉकलेट, द्राक्षं, मनुका-बेदाणे, कांदा, लसूण, शुगर-फ्री गोळ्यांमधलं झायलिटॉल. म्हणजे प्रसादाचा शिरा मनुकांसकट नको, दिवाळीचा चिवडा नको, कांदाभजी नको. रविवारच्या मटणातली शिजलेली हाडं नकोत, ती चिरफाळतात आणि आतड्यात रुततात. आणि सर्वांत महत्त्वाचं, आपल्या औषधांच्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन "अर्धीच गोळी" म्हणूनसुद्धा देऊ नका. आपल्याला साधी वाटणारी ती गोळी त्याला विष ठरू शकते. बाळगोपाळांनो, हे तुमच्यासाठी आहे. ढब्बूला तुमच्या डब्यातलं द्यायचं असेल तर आधी आजोबांना विचारायचं. गाजर आणि काकडी मात्र तो आनंदानं खातो.

लसीकरण ठरल्याप्रमाणे. रेबीजची लस दरवर्षी, त्याखेरीज डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंची. दर तीन महिन्यांनी जंताचं औषध. पावसाळ्यानंतर गोचीड तपासा, कानामागे आणि पायांच्या बोटांमध्ये. गोचिडीच्या तापानं चांगलं धट्टंकट्टं कुत्रं आठवड्यात खंगतं. महापालिकेचा परवाना काढणं बंधनकारक आहे आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. आणि कुठल्याही कुत्र्यानं चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. रेबीज एकदा झाला की इलाज नाही, आधीच अडवावा लागतो.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग पाळायचा कशाला? त्याचंही उत्तर देतो. पगचा स्वभाव. तो राखणदार नाही. चोर आला तर त्याला किल्ली कुठे आहे ते दाखवेल. पण घरात कोण कुठल्या खोलीत आहे याचा हिशेब तो दिवसभर ठेवतो. मी बाल्कनीत गेलो की बाल्कनीत, देवघरात बसलो की दाराशी. माझं बायपास झालं तेव्हा महिनाभर मला घराबाहेर पडायला मनाई होती. मुलं कामाला, सौ. स्वयंपाकात. निवृत्त माणसाची दुपार फार लांब असते, हे इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. त्या दुपारी ढब्बू माझ्या पायाशी घोरत पडलेला असायचा. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा पहिली फेरी आम्ही दोघांनी मिळून मारली. गेटपर्यंत जायचं, धाप लागली की दोघंही थांबायचो. माझ्यापेक्षा जोरात धापा टाकणारा सोबती असला की माणसाला लाज वाटत नाही.

एकटेपणा मात्र त्याला सोसत नाही. नवरा-बायको दोघं सकाळी आठला हिंजवडीला जाणार आणि रात्री आठला येणार, अशा घरात पग आणू नये. तो रडेल, दार खरवडेल, शेजारी तक्रार करतील, आणि चूक कुत्र्याची नसेल.

आम्ही कर्ज मंजूर करताना अर्जदाराची परतफेडीची ताकद पाहायचो. कुत्रं आणणाऱ्यानंही तसाच अर्ज स्वतःकडे करावा. दिवसा घरी कोण असतं? उन्हाळ्यात एक खोली तरी गार ठेवता येईल का? गावाला जाताना कुठे ठेवणार? बऱ्याच विमान कंपन्या चपट्या नाकाचे कुत्रे घेत नाहीत, हेही लक्षात असू द्या. पिल्लाची किंमत एकदाच द्यावी लागते, दवाखाना, औषधं, खाणं आणि उन्हाळ्याचं विजेचं बिल हे बारा वर्षांचे हप्ते. आणि मुलांना हौस आहे, हे तारण म्हणून चालत नाही. दहावीचं वर्ष आलं की ती हौस क्लासला जाते.

एवढ्यानंही पगच हवा असेल तर नाकपुड्या मोकळ्या आहेत, आईबाप धाप न लागता चालतात, असं पाहून घ्या. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्यानं मनाई आहे. घरच्या घरी वीण करण्याच्या भानगडीत पडू नका. पिल्लांची डोकी मोठी, मादीला बरेचदा सिझेरियन लागतं. आणि माझं खरं मत विचाराल तर दुकानात जाण्याआधी रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारख्या पुण्यातल्या संस्थांकडे चौकशी करा. कुणीतरी सोडून दिलेला पग किंवा एखादं धडधाकट नाकाचं गावठी पिल्लू घर शोधत असतं. आपल्या मातीतलं कुत्रं आपला उन्हाळा जाणतं.

शेवटी सोसायटीबद्दल दोन शब्द, कारण समितीची मंडळी त्याचीच वाट पाहताहेत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ साली याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पाळीव प्राणी ठेवायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, बहुमतानंसुद्धा नाही. लिफ्ट वापरायलाही बंदी करता येत नाही. मागच्या सभेत काही सभासद तोंडाला जाळी बांधा म्हणाले होते. पगला जाळी बांधणं म्हणजे त्याचा श्वास बांधणं, हे आता तुम्हाला पटेल. पण त्याच सूचनांमध्ये पाळणाऱ्यांची कर्तव्यंही आहेत. मी माझ्या बाजूच्या लोकांना सांगतो, कायदा खिशात ठेवून शेजाऱ्याशी बोलू नका. साखळी हातात, पिशवी खिशात. घाण झाली तर आपणच उचलायची, सफाई कामगार मावशींवर सोडायची नाही. आत कुणी असेल तर "येऊ का?" म्हणून विचारायचं. आणि ज्यांना कुत्रं आवडत नाही त्यांना एकच विनंती, उन्हाळ्याच्या दुपारी एखादा पग जिन्यात धापा टाकताना दिसला तर वाद नंतर घालू, आधी पाणी द्या. उन्हाळ्यात वॉचमनच्या केबिनपाशी पाण्याचं एक भांडं ठेवावं आणि वीज जाणार असेल त्या दिवशी इन्व्हर्टर असलेल्या घरांची नावं फलकावर लावावीत, असा प्रस्ताव मी समितीकडे लेखी दिला आहे. त्याचा उपयोग कुत्र्यांपेक्षा आम्हा म्हाताऱ्यांनाच जास्त होईल.

एक शेवटचं, माझ्या वयाच्या मंडळींसाठी. ढब्बू नऊ वर्षांचा, मी पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर. कुणाचा नंबर आधी, सांगता येत नाही. बँकेत प्रत्येक खात्याला नॉमिनी विचारायचो, मग ढब्बूला का नको? आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. पहिला नॉमिनी माझा मुलगा. तो येईपर्यंत दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनीअरिंगला असलेला मुलगा, त्याच्या आईवडिलांच्या संमतीनं. खाली खाण्याचं माप, औषधं, डॉक्टरांचा फोन, आणि ढब्बूला विजांचा आवाज सुरू झाला की पलंगाखाली जाऊ द्यावं, ओढू नये, ही सूचना. ज्येष्ठांनी कुत्रं पाळू नये असं मी म्हणणार नाही. पाळावं, फक्त कागद आधी करावा. त्या कागदाचा नमुना मी कार्यालयात ठेवला आहे, ज्यांना हवा त्यांनी झेरॉक्स काढून घ्यावी.

आपल्या संस्थेला पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याबद्दल सर्वांचं अभिनंदन.